जुन्या फटफटीस नवा सायलेन्सर

अकोले तालुक्यात आज प्रत्येक शेतकऱ्याच्या दारी बैलजोडी असेल असे सांगता येत नाही. मोटरसायकल मात्र बहुतेकांच्या दारी आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती जुनी आहे. राजदूत किंवा येझदी जपून ठेवणारी घरे अजून आढळतात, आर. एक्स. १०० वर जीव टाकणारी मंडळी आहेत, आणि पंधरा-वीस वर्षे राबविलेल्या स्प्लेंडर, सी. डी. १०० व बुलेट तर गावोगाव दिसतात. पहाटे दुधाच्या किटल्या, दुपारी खताची गोणी, बाजाराच्या दिवशी टोमॅटोचे क्रेट आणि सायंकाळी घरची माणसे, असा चहूकडचा भार हे वाहन वाहते. त्याचे टायर, चेन, ब्रेक ह्यांवर मालकाची नजर असते. सायलेन्सरकडे मात्र तो फुटून आळी जागी करू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. आणि मग जो अधिक चकाकतो, जो स्वस्त पडतो, किंवा ज्याचा आवाज घरातील तरुणास पसंत पडतो, तो घाईघाईने बसवून आणला जातो.

राजूरच्या प्रदर्शनात डांगी बैल पाहताना जो शेतकरी खूर दाबून पाहतो, कातडीवरून हात फिरवतो आणि चार पावले चालविल्याखेरीज किमतीची गोष्ट काढीत नाही, तोच शेतकरी सायलेन्सर पाच मिनिटांत घेऊन मोकळा होतो, ह्याचे नवल वाटते. ह्याचे कारण उघड आहे. सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारा एक पोकळ नळा, त्यात पारखावयाचे ते काय, अशी आपली समजूत आहे. ही समजूत खरी नाही. सायलेन्सर हा यंत्राचाच एक अवयव आहे. तो चुकला तर गाडीची ओढ, पेट्रोलचा खर्च आणि पिस्टनचे आयुष्य ह्या तिन्ही गोष्टी बिघडतात, आणि बिघाडाचे मूळ सायलेन्सरात आहे हे बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आपल्या भाषेने ह्या वाहनास 'फटफटी' हे नाव त्याच्या आवाजावरूनच दिले, ही गोष्ट गमतीची खरी. परंतु तो आवाज कमी करण्याची खटपटही वाहनांइतकीच जुनी आहे. अमेरिकेत मिल्टन रीव्हज व त्याचा भाऊ मार्शल ह्यांनी १८९७ साली यंत्राच्या धुरावर बसवावयाच्या अशा नळकांड्याचे पेटंट घेतले. पुढे मशीनगनचा जनक जो हायरम मॅक्झिम, त्याच्या मुलाने बंदुकीचा आवाज दाबणारे उपकरण काढले आणि तेच तत्त्व मोटारींच्या धुरासही लावले. बापाने तोफखाना वाजता केला आणि मुलाने तो गप्प करण्याचा धंदा केला, असा हा योग आहे.

निवडीचा विचार करण्यापूर्वी जुना सायलेन्सर मरतो कशाने, हे पाहिले पाहिजे. पाऊस हे अर्धेच उत्तर आहे. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी तयार होते, ही गोष्ट ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. हे पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर जाते. सायलेन्सर पुरता तापलेला असेल तर वाफ निघून जाते. तो थंड असेल तर ती आतच थिजते व तळाशी साचते. घरापासून दूध संकलन केंद्र दीड किलोमीटरवर, गाडी चालू करून पाच मिनिटांत बंद, पुन्हा तासाने चालू व पुन्हा बंद, अशी ज्या गाडीची दिनचर्या आहे, तिच्या सायलेन्सरच्या पोटात बारमाही डबके असते. त्यात धुरातील आम्ल मिसळते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा मुलामा चकचकीत आणि आतला पत्रा कागदासारखा, असे सायलेन्सर मिस्त्री लोकांच्या पाहण्यात नेहमी येतात. ह्यास्तव चांगल्या बनावटीच्या सायलेन्सरास शेपटाकडे तळाशी एक बारीक भोक ठेवलेले असते. धूर निघतो म्हणून ते वेल्डिंगने बुजविणे म्हणजे शेताचा चर बुजवून पाणी तुंबविण्यासारखे आहे. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. त्याने सायलेन्सरचे पोट कोरडे होते.

बाहेरून होणारा मारा तालुक्यात सर्वत्र सारखा नाही. घाटघर व रतनवाडीकडे वर्षास पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो; अकोले गावाच्या पूर्वेस संगमनेरच्या बाजूला तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. एकाच तालुक्यात दोन मुलूख आहेत म्हणा ना. डांगी जनावराच्या कातडीतून तेलकट अंश पाझरतो व त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही, म्हणून ते ह्या डांगाणात टिकते. लोखंडी पत्र्यास निसर्गाने अशी सोय केलेली नाही. तापलेल्या सायलेन्सरवर थंड पाण्याचा सपकारा बसतो, चिखल चिकटून वाळतो, त्याखाली ओल राहते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत क्लॅम्पखालचा व जोडाजवळचा भाग भुसभुशीत होतो. तेव्हा शेंडी, भंडारदरा, घाटघर ह्या बाजूच्या शेतकऱ्याने धातूची पारख अधिक कसोशीने करावी. वीरगाव-कळसकडील शेतकऱ्यास साध्या पोलादावर चांगला मुलामा असलेला सायलेन्सर पुष्कळ वर्षे पुरतो.

बसलेला सायलेन्सर खरोखर बदलावयास हवा काय, हेही आधी ठरवावे. गाडी थंड असताना लाकडी दांड्याने त्यावर हलके ठोके मारावेत. सर्वत्र घट्ट आवाज आला आणि एकाच जागी भोक असेल, तर ठिगळ लावून काम भागते. आत काही खुळखुळत असेल, तर आतील जाळी किंवा पडद्या सुटल्या आहेत; असा सायलेन्सर वरून कितीही सांधला तरी व्यर्थ. ठोक्यासरशी पत्रा दबत असेल तर वेल्डिंगचा पैसा वाया जातो, कारण ठिगळाच्या कडेलाच नवे भोक पडते.

आता सायलेन्सर करतो काय ते पाहू. फोर-स्ट्रोक गाडीत, म्हणजे स्प्लेंडर, सी. डी. १०० किंवा बुलेट ह्यांत, प्रत्येक स्फोटानंतर तापलेला धूर मोठ्या वेगाने बेंड पाइपात शिरतो. ह्या धावत्या धुराच्या मागे क्षणभर पोकळी निर्माण होते आणि ती सिलिंडरमधील उरलासुरला धूर ओढून घेते. पाइप जरुरीपेक्षा रुंद असेल तर धुराचा वेग मंदावतो व ही ओढ कमी होते. परिणाम असा की सपाट रस्त्यावर वेगात गाडी बरी वाटते, पण कमी वेगात भार ओढण्याची ताकद जाते. 'जितका मोकळा सायलेन्सर तितकी ताकद जास्त' हे जे दुकानात ऐकू येते, ते शर्यतीच्या गाडीपुरते खरे आहे. कोल्हार-घोटी रस्त्याने दोन भरल्या किटल्या घेऊन बारीचा चढ चढणाऱ्या माणसास शर्यत जिंकावयाची नाही. त्यास दुसऱ्या गिअरात दम न तोडणारी गाडी हवी. त्याच्या कामास मूळ मापाचा पाइपच उत्तम.

टू-स्ट्रोक गाडीची, म्हणजे राजदूत, येझदी व आर. एक्स. १०० ह्यांची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि आपल्याकडे सर्वांत अधिक नुकसान ह्याच गाड्यांचे झालेले आहे. ह्या यंत्रात धूर बाहेर जाण्याचे भोक, ज्यास मिस्त्री पोर्ट म्हणतात, ते पिस्टनच उघडतो व पिस्टनच झाकतो. ताजे पेट्रोल-मिश्रण आत येते त्या वेळी हे भोक उघडेच असते. म्हणून त्यातील काही भाग न जळताच बाहेर पळतो. त्यास परत आणतो तो सायलेन्सर. स्फोटानंतर दाबाची जी लाट नळ्यातून पुढे जाते, ती रुंद होत गेलेल्या भागातून पुढे सरकून निमुळत्या भागावर आदळते आणि उलटी फिरते. ती परत पोर्टाशी पोहोचते त्या क्षणी पिस्टन भोक झाकण्याच्या बेतात असतो. पळालेले मिश्रण ह्या लाटेच्या धक्क्याने पुन्हा सिलिंडरात लोटले जाते. मोटेच्या पाण्यास थारोळ्यात वळण दिले नाही तर ते पाटाऐवजी रानोमाळ जाते, त्यातलाच हा प्रकार. आर. एक्स. १०० चे यंत्र आपली पूर्ण अकरा अश्वशक्ती मिनिटास साडेसात हजार फेऱ्यांवर देते. म्हणजे सेकंदास सव्वाशे वेळा ही लाट जाऊन अचूक वेळी परत आली पाहिजे. नळ्याची लांबी चार बोटे कमी-अधिक झाली की ती लवकर येते किंवा उशिरा येते. राजदूत व येझदी ह्यांत ह्या लाटेवर एवढी भिस्त ठेवलेली नाही, पण तिचा हिस्सा तेथेही आहेच.

ह्या विद्येची किंमत एकेकाळी केवढी होती, ह्याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. पूर्व जर्मनीतील एम. झेड. ह्या कारखान्यात वाल्टर काडेन नावाच्या अभियंत्याने १९५० च्या दशकात टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरचा आकार अभ्यासून लहान यंत्रातून अपूर्व शक्ती काढली. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला व ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीस मिळाली. १९६२ साली ५० सी. सी. वर्गाचे जगज्जेतेपद डेग्नरने सुझुकीच्याच गाडीवर मिळविले. ज्या नळ्याच्या आकारासाठी माणसाने देश सोडला, त्या नळ्यातील जाळी आपण 'गाडी मोकळी होते' म्हणून पाच मिनिटांत उपटून फेकतो!

जाळी काढल्याने गाडी पळाल्यासारखी वाटते, ती मुख्यत्वे आवाजामुळे. खरी परीक्षा टाकी दोनदा भरून ॲव्हरेज काढल्यावर होते. मिश्रण बाहेर पळाल्याने पेट्रोल वाढते, न जळलेले तेल धुरातून जाते, आणि चढावर गाडी पूर्वीपेक्षा लवकर हाश्हुश् करू लागते. टू-स्ट्रोक गाडी खरोखरच गुदमरत असेल, तर पुष्कळदा दोष काजळीचा असतो. तेल जास्त घातल्याने किंवा सदैव मंद चालविल्याने जाळीची भोके व पोर्टाचे तोंड काजळीने बुजते. येझदीसारख्या गाडीत मागून जाळी बाहेर काढता येते. ती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून ब्रशने घासली की स्वच्छ होते. मात्र हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा असावा, सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये, आणि हे पाणी ॲल्युमिनियमच्या कोणत्याही भागास लागू देऊ नये. ते ॲल्युमिनियम खाऊन टाकते. सायलेन्सर विस्तवात घालून काजळी जाळण्याची जी चाल आहे, तिने मुलामा जळतो व पत्रा वाकतो. ती टाकून द्यावी.

येझदी व जुनी जावा ह्यांविषयी आणखी एक गोष्ट. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या ह्या गाड्यांत सिलिंडर एकच, पण पोर्ट दोन व सायलेन्सरही दोन. एक कुजला म्हणून तेवढाच दुसऱ्या बनावटीचा बसविला, तर दोन्ही बाजूंचा अडथळा असमान होतो व यंत्र नीट चालत नाही. बदलावयाचे तर जोडीने बदलावेत. एका जुवाखाली खोंड व म्हातारा बैल जुंपू नयेत. हा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे कारखान्याचा कोरा सायलेन्सर आता क्वचितच हाती लागतो. जावा हे नाव २०१८ साली व येझदी हे नाव २०२२ साली पुन्हा बाजारात आले. पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक असून त्यांचे भाग जुन्या गाडीस बसत नाहीत. दुकानदाराने 'येझदीचाच आहे' म्हटले, तर कोणत्या येझदीचा, हे विचारावे.

ह्यापुढचा मुद्दा आपल्या ऊस लावणाऱ्या बंधूंनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. जुन्या गाडीचा कार्बुरेटर ठराविक भोकाच्या जेटवर चालतो. हवा वाढली तर पेट्रोल वाढविण्याची अक्कल त्यास नाही. सायलेन्सर मोकळा केला की यंत्र अधिक हवा ओढते आणि मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण अधिक तापते. त्यात २०२५ सालापर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. उसाला ह्यामुळे एक नवे गिऱ्हाईक मिळाले, हे आपल्या हिताचेच आहे. परंतु इथेनॉलमध्ये प्राणवायू अंगचाच असल्याने जुन्या गाडीतील मिश्रण त्यानेही थोडे पातळ होते. दोन्ही कारणे एकत्र आली, वर उन्हाळ्याचा दिवस व चढाचा रस्ता असला, की टू-स्ट्रोक गाडीचा पिस्टन सिलिंडरात धरतो आणि मागचे चाक एकाएकी अडते. घाटात मागे माणूस बसलेला असताना असे झाले तर काय प्रसंग ओढवेल, हे सांगावयास नको. तेव्हा मोकळा सायलेन्सर बसवावयाचाच असा कोणाचा हट्ट असेल, तर जाणत्या मिस्त्रीकडून जेट बदलून घेणे अपरिहार्य आहे. प्लग काढून पाहावा. त्याचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढरे फटक असेल तर गाडी चालविणे तेथेच थांबवावे. काळे व ओले असेल तर मिश्रण जाड आहे.

आवाजाचा विचार दूधधंद्याच्या बाजूनेही झाला पाहिजे. १९४१ साली अमेरिकेत ईली व पीटरसन ह्या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. धारेच्या आधी गाईजवळ कागदी पिशव्या फोडून व तिच्या पाठीवर मांजर ठेवून त्यांनी तिला घाबरविले. गाय पान्हा सोडीना. ॲड्रेनलिन हे भीतीच्या वेळी अंगात उत्पन्न होणारे द्रव्य टोचले असताही तोच परिणाम झाला. पान्हा सोडविणारे द्रव्य निराळे आहे, आणि ॲड्रेनलिन त्याच्या कामात आडवे येते. ज्या सुज्ञांनी गोठ्यासमोर फटाके फोडणारी गाडी उभी केली आहे, त्यांनी धारेच्या वेळचा माप-काटा तपासून पाहावा. रोजच्या संथ आवाजास जनावर सरावते; अवचित होणारा स्फोट त्यास सोसत नाही. हे स्फोट होतात तेही न जळलेले मिश्रण तापल्या सायलेन्सरात पेटल्याने, आणि प्रत्येक स्फोटागणिक आतल्या पडद्यांचे जोड उकलतात. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याकडे मुंबई-पुण्याहून येणाऱ्या काही स्वारांच्या गाड्या रात्री काय गोंधळ घालतात, हे त्या बाजूच्या वाचकांस ठाऊकच आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालापासून आहे. तेथील मुक्या रहिवाशांस तक्रार अर्ज देता येत नाही, एवढेच.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात असे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांतील १२० व्या नियमाने प्रत्येक वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. शेतीचा ट्रॅक्टरही ह्यातून सुटलेला नाही. १ एप्रिल २००५ पासून ८० ते १७५ सी. सी. च्या नव्या दुचाकींस ७७ डेसिबल व त्यावरील दुचाकींस ८० डेसिबल अशी मर्यादा कारखानदारांवर आहे. डेसिबलचा हिशेब आपल्या साध्या बेरजेचा नव्हे. दहाने वाढ झाली की ध्वनीची शक्ती दसपट होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, परवानगीवाचून वाहनात फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज व धूर ह्यांची मर्यादा ओलांडल्याबद्दल निराळी शिक्षा आहे. पुण्यासारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे आपण पाहिले-वाचले आहे. खेड्यात कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी गाडी श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाकडून तपासून घ्यावी लागते, आणि धुराचे प्रमाणपत्रही लागते. मूळ आकाराचा व मूळ पद्धतीचा सायलेन्सर कुजल्याजागी बसविणे ही दुरुस्ती होय. बाजारात 'पंजाब', 'इंदोरी' अशा नावांनी मिळणारे बुलेटचे कर्कश सायलेन्सर हा फेरफार होय.

आता प्रत्यक्ष खरेदी. स्प्लेंडरसारख्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर अजून मिळतो. तो महाग वाटला तरी तोच घ्यावा, ह्यावर अधिक लिहीत नाही. मात्र २०२० नंतरच्या नव्या नियमांच्या गाडीचा सायलेन्सर जुन्या गाडीवर चढविण्याच्या भरीस पडू नये. त्याच्या पोटात धूर शुद्ध करणारी मौल्यवान धातूंची जाळी व बाहेर संवेदक बसविण्याची जागा असते. जुन्या कार्बुरेटरशी त्याचा मेळ बसत नाही. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे असे सायलेन्सर पुष्कळदा आतील धातूसाठी पोखरलेले असतात, कधी चोरीचेही असतात.

ज्या गाडीचा मूळ सायलेन्सर मिळत नाही, तिच्यासाठी नकली वस्तूच घ्यावी लागते, आणि येथेच पारख हवी. जुना सायलेन्सर काढून दुकानात बरोबर न्यावा. दोहोंची लांबी व घेर सुतळीने मापावेत; टू-स्ट्रोक गाडीचा असेल तर रुंद भाग कोठे सुरू होतो व निमुळता कोठून होतो, तेही मापावे. मग दोन्ही काट्यावर ठेवावेत. नवा जर जुन्या कुजक्यापेक्षाही हलका भरला, तर पत्रा पातळ आहे किंवा आतील पडद्या चोरल्या आहेत. शेपटाकडून विजेरीचा उजेड टाकून आरपार दिसते काय ते पाहावे. आरपार दिसत असेल व भोवती काचेची लोकर भरलेली असेल, तर तो मोकळ्या जातीचा आहे. ही लोकर पावसाळ्यात ओल धरते, पुढे जळून उडते, आणि आवाज महिन्यागणिक वाढत जातो. आपल्या डोंगरी भागास ही जात मुळीच योग्य नाही. वेल्डिंगची शिवण सलग असावी. ठिपक्याठिपक्यांनी जोडलेला सायलेन्सर खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्ष काढीत नाही.

स्टेनलेस म्हणून जो विकला जातो, त्याची चुंबकाने परीक्षा करण्याची चाल आहे. ती अर्धीच खरी आहे. ३०४ जातीच्या उत्तम पोलादास चुंबक चिकटत नाही. पण २०२ जातीच्या स्वस्त पोलादासही चिकटत नाही, आणि ते लवकर डागाळते. उलट ४०९ जातीस चुंबक चिकटते. त्यावर वरवर तांबेरा चढतो, तरी धुराच्या उष्णतेत ते पुष्कळ टिकते व मोटार कारखाने तेच वापरतात. तेव्हा चुंबकावर विसंबू नये, पावतीवर जात लिहून मागावी. दुकानदार लिहून देण्यास कां-कूं करू लागला तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे.

दूध वाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. मागे उंच उचललेला सायलेन्सर दिसण्यास डौलदार असतो, पण तो किटलीच्या पोटाशी येतो. धारोष्ण दूध मुळातच लवकर नासते. त्यास वाटभर शेक मिळाला तर केंद्रावर ते नापास होण्यास वेळ लागत नाही. वर जाळीदार उष्णतारोधक पत्रा असावाच. मागे बसणाऱ्या मुलांच्या पोटऱ्या व बायकांची लुगडी त्याने वाचतात. भाताच्या पेंढ्याच्या उडवीला टेकून किंवा वाळल्या गवतात तापलेली गाडी उभी करू नये. अमेरिकेतील सरकारी जंगलांत ठिणगीरोधक जाळीवाचून मोटरसायकल नेण्यास मनाई आहे; आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात डोंगर वणव्याने कसे काळे होतात, हे पाहता हा नियम अतिरेकी म्हणता येणार नाही.

बसविण्याचे काम मिस्त्रीवर सोपविले तरी जवळ उभे राहावे. सिलिंडर हेडातील स्टड गंजलेले असतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे, नाहीतर ते ॲल्युमिनियमात तुटून बसतात व सायलेन्सरपेक्षा हेडचा खर्च मोठा होतो. जुने पॅकिंग पुन्हा घालू नये. सर्व बोल्ट आधी हातानेच लावून घ्यावेत, मग यंत्राकडून शेपटाकडे क्रमाने आवळावेत. सायलेन्सर ओढूनताणून ब्रॅकेटात बसवला तर तो तेथेच तडकतो. गाडी चालू करून जोडांवर साबणाचे पाणी लावावे. फुगे आले तर धूर गळतो आहे. ॲक्सिलरेटर सोडताना सायलेन्सरात फटफट होते ती बहुधा ह्याच गळतीने. पन्नास किलोमीटर झाल्यावर, गाडी थंड असताना, सर्व बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत आणि त्याच वेळी प्लगचा रंग पाहावा. बेंड पाइप फार निळा पडत असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा ठिणगीची वेळ चुकली आहे.

मृगापूर्वी सायलेन्सर धुऊन, वाळवून, उष्णता सोसणारा रंग खालच्या अंगास व क्लॅम्पच्या जागी द्यावा. तळाचे भोक तारेने मोकळे करावे. काढलेला जुना सायलेन्सर लगेच भंगारवाल्यास घालू नये. नवा एक पावसाळा काढीपर्यंत तो माळ्यावर राहू द्यावा, कारण मूळ ब्रॅकेट, क्लॅम्प व येझदीच्या जाळ्या आता कोठेही सहजी मिळत नाहीत, आणि पुढच्या वेळी मापे घेण्यास तोच उपयोगी पडतो.